घरच्या कायद्याची कुळकथा

कायदा म्हणजे कोर्टकचेरीची बाब, आपल्या घरादाराशी तिचा संबंध भांडण लागले तरच, अशी एक समजूत आपल्या समाजात फार खोल रुजलेली आहे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे वचन आपण लहानपणापासून ऐकतो आणि कायद्याकडे पाठ फिरवून बसणे हेच शहाणपण समजतो. परंतु गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास पाहू गेले तर उलटेच दिसते. आपण कायद्याची पायरी चढलो नाही, तरी कायदा आपल्या घराची पायरी चढून आत आलेला आहे, आणि ओसरीवर न थांबता थेट माजघरात गेलेला आहे. मुलीचे लग्न कोणत्या वयात व्हावे, विधवेने पुन्हा संसार थाटावा की नाही, पुरुषाला एकीवर दुसरी करता यावी काय, सुनेला आणि लेकीला जमिनीत वाटा किती, हे सारे प्रश्न कलकत्त्यात, दिल्लीत आणि मुंबईत बसलेल्या मंडळींनी आपल्या वतीने सोडवले. ते सोडवले जात असताना घरातल्या माणसांना त्याची खबर होती काय, आणि असल्यास त्यांनी काही हालचाल केली काय, हा माझ्या कुतूहलाचा विषय आहे. मी इतिहाससंशोधक नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर आहे आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. त्यांसाठी जुन्या घरांचे बारकावे जमवत असता हा प्रश्न मला येऊन चिकटला, तो सुटलेला नाही.

कादंबरीकाराला हा प्रश्न चिकटावा यात नवल नाही. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून जिचा मान आहे ते बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' १८५७ साली निघाले, आणि त्याच्या आदल्याच वर्षी, म्हणजे १८५६ साली, हिंदू विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा मंजूर झाला होता. कादंबरीचा विषयही विधवांची स्थिती हाच. आपली कादंबरी आणि घरावरचा कायदा ही जणू एकाच पाळण्यातली भावंडे आहेत.

त्या १८५६च्या कायद्याची जन्मकथा ऐकण्यासारखी आहे. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी सरकारकडे जो अर्ज धाडला त्यावर हजाराच्या आतच सह्या होत्या. विरुद्ध बाजूने राधाकांत देवांच्या पुढाकाराने गेलेल्या अर्जावर ३६,०००हून अधिक सह्या पडल्या. सह्यांच्या मोजणीवर निकाल लागता तर कायदा तेव्हाच बुडाला असता. पण त्या वेळच्या कौन्सिलला लोकांनी निवडलेले नव्हते, त्यामुळे अर्जाचे वजन सह्यांवरून नव्हे, युक्तिवादावरून ठरले. सुधारणेच्या बाजूच्या माणसाला हे सोयीचे वाटेल, परंतु त्याची दुसरी बाजूही आहे. ज्यांनी अर्ज केले ते दोन्ही पक्ष पांढरपेशा, वरच्या जातींतले. ज्या जातींत विधवेने पाट लावण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत होती, त्यांना असा कायदा होतो आहे याची गंधवार्ताही नसावी. त्यांना तो नकोच होता, कारण त्यांच्यात मनाई नव्हती.

आणि येथेच गोम होती. या कायद्याच्या दुसऱ्या कलमात म्हटले होते की, पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा हक्क संपेल. ज्यांच्यात पुनर्विवाह नव्हताच त्यांना ही अट म्हणजे नव्या सवलतीची किंमत होती. परंतु पुढे मुंबई हायकोर्टाने, पाटाची रूढी असलेल्या जातींतील विधवांनाही हा दंडक लागू धरला. अलाहाबादेच्या हायकोर्टाने याच प्रश्नावर उलट मत दिले. म्हणजे ज्या कुणबिणीने, माळणीने सरकारकडे काही मागितले नव्हते, जिला नव्याने काही मिळालेही नाही, तिच्या अंगावर मात्र तो कायदा येऊन पडला. आणि ज्यांच्यासाठी तो केला त्या घरांत काय झाले? विष्णुशास्त्री पंडितांनी चळवळ उभारली, मुंबईत १८६९ साली एक पुनर्विवाह गाजला, आणि तो घडवणाऱ्यांवर बहिष्कार पडला. कायदा होऊन तेरा वर्षे लोटली होती. कायदा परवानगी देऊ शकतो, पंगतीला पान वाढू शकत नाही, हा पहिला धडा. आणि जो मसुदा वाचत नाही त्यालाही त्याचा दंड बसतो, हा दुसरा.

यानंतर महाराष्ट्रात एक मोठी गोष्ट घडली ती म्हणजे सार्वजनिक सभा. १८७० साली पुण्यात गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले 'सार्वजनिक काका', यांनी ती उभी केली. तिची रचना मला फार आवडते. सभासद व्हायचे तर माणसाने निदान ५० लोकांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणले पाहिजे, अशी अट होती. वकीलपत्र घ्यावे तसे हे लोकांचे वकीलपत्र. मतपेटी या देशात यायच्या कितीतरी आधी, कुणाच्या वतीने बोलतोस ते आधी दाखव, असे विचारणारी ही संस्था होती. रानड्यांनी तिला अर्ज लिहिण्याची शिस्त लावली. आरडाओरडा नाही, आकडे आणि पुरावे. १८७६-७८च्या दुष्काळात सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारला धाडली. १८७५ साली सुप्यात सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या, सरकारने चौकशी नेमली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जाचा कायदा केला. तेव्हा सरकारला काही कळवायचे तर पुराव्याचा कागद हवा, ही जाण आपल्याकडे आलेली होती. उणीव एकच. मुखत्यारपत्रावर घरातल्या कर्त्या पुरुषाची सही पडे. घरातल्या बाईच्या वतीने कोण बोलणार, हे त्यात नव्हते.

ते संमतिवयाच्या वेळी उघडे पडले. रखमाबाईंचा खटला १८८४ साली मुंबईच्या कोर्टात उभा राहिला. अकराव्या वर्षी लागलेले लग्न, पुढे नवऱ्याकडे नांदायला जाण्यास नकार, न्यायमूर्ती पिन्हे यांचा १८८५चा रखमाबाईंच्या बाजूचा निकाल, आणि १८८७ साली न्यायमूर्ती फॅरन यांनी 'नांदायला जा, नाही तर सहा महिने कैद' असा दिलेला हुकूम, हा सारा क्रम त्या काळच्या वर्तमानपत्रांनी घरोघर पोहोचवला. 'एक हिंदू स्त्री' या सहीने 'टाइम्स ऑफ इंडिया'त १८८५ साली आलेली पत्रे रखमाबाईंचीच होती. स्वतःच्या संसाराविषयी स्वतःच्या लेखणीने लोकमत हलवू पाहणारी ही बाई पुढे विलायतेस जाऊन डॉक्टर झाली. हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी १८९०पासून 'करमणुकी'तून येऊ लागली तीही याच धुमश्चक्रीत. त्याच साली कलकत्त्यात फूलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या अत्याचाराने दगावली, आणि सरकारला हालणे भाग पडले.

९ जानेवारी १८९१ रोजी सर अँड्र्यू स्कोबल यांनी संमतिवयाचे बिल मांडले. दहाचे बारा करायचे, एवढाच बदल. १९ मार्चला ते पास झाले. मध्ये अवघे ६९ दिवस. या दहा आठवड्यांत पुण्यात जो वणवा पेटला त्याचे वर्णन आपण पुष्कळ वाचले आहे. 'केसरी'तून टिळक म्हणत होते की, सामाजिक चालींत परक्या सरकारने कायद्याने हात घालू नये. सुधारकांनी आधी स्वतःला लेखी बांधून घ्यावे. 'सुधारका'तून आगरकर विचारत होते की, मुलीचा जीव जातो तेथे वाट कसली पाहायची. रानडे, तेलंग, भांडारकर शास्त्राधार काढून बिलाच्या बाजूने उभे राहिले. सभा भरल्या, सभा उधळल्या. एवढे सारे झाले, पण ज्यांच्या देहाविषयी हे चालले होते त्या पोरींच्या आयांना काय वाटत होते, हे कौन्सिलात सांगणारे कुणी नव्हते. त्यांच्या जवळ पोहोचलेली म्हणता येईल अशी साक्ष एकच. हिंदुस्थानात काम करणाऱ्या ५५ स्त्री-डॉक्टरांनी, आपण डोळ्यांनी पाहिलेल्या जखमा लिहून, वय १४ करावे असा अर्ज केला होता. शास्त्राधारांच्या गदारोळात तो कागद मला सर्वांत बोलका वाटतो. तो म्हणतो, हे आम्ही पाहिले आहे. अर्जाची खरी ताकद तीच.

पुढची पायरी शारदा कायद्याची. आपल्याकडे त्याला देवलांच्या 'शारदा' नाटकावरून नाव पडले असे पुष्कळांना वाटते. ते तसे नव्हे. हरविलास सारडा या अजमेरच्या गृहस्थांनी १९२७ साली ते बिल आणले, आणि नावांचा मेळ आपोआप बसला. हे बिल मूळ आले तेव्हा फक्त हिंदूंपुरते होते आणि मुलीचे वय १२, मुलाचे १५ एवढेच धरलेले होते. पास झाले तेव्हा ते सर्वधर्मीयांना लागू झालेले, आणि वये १४ व १८ झालेली. दोन वर्षांत बिलाचे रूप एवढे पालटले कसे? याचे एक कारण अमरावतीच्या सर मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखालची समिती. तिने देशभर प्रश्नावली पाठवली, गावोगाव हिंडून शेकडो साक्षी घेतल्या, आणि या समितीत रामेश्वरी नेहरूंसारख्या स्त्रिया सभासद म्हणून बसल्या होत्या. दुसरे कारण अखिल भारतीय महिला परिषद. तिचे पहिले अधिवेशन जानेवारी १९२७मध्ये आपल्या पुण्यातच भरले. ती भरली होती शिक्षणासाठी, पण मुलगी शिकायची तर आधी तिचे लग्न लांबले पाहिजे, हे बायकांच्या लगेच ध्यानात आले, आणि त्या या बिलाच्या मागे लागल्या. १८९१ साली जे आवाज कौन्सिलात नव्हते ते ३८ वर्षांनी समितीच्या टेबलापर्यंत आले.

आणि तरीही या कायद्याची फजिती झाली. तो पास झाला २८ सप्टेंबर १९२९ला, आणि अंमल सुरू होणार होता १ एप्रिल १९३०ला. मधले सहा महिने मोकळे. त्या सहा महिन्यांत देशभर लहान मुलांची लग्ने उरकून घेण्याची झुंबड उडाली. पाळण्यातली पोरेसुद्धा बोहल्यावर चढली. ज्या कायद्याने बालविवाह थांबायचे त्याच्याच धाकाने त्यांचे पीक आले. म्हणजे कुटुंबे कायद्याकडे लक्ष देत नव्हती असे म्हणवत नाही. लक्ष होते, पण ते पळवाटेवर होते. शिवाय गुन्हा पोलिसांनी आपण होऊन पकडायचा नव्हता. कुणी तरी फिर्याद करायची, आणि फिर्याद करणाऱ्यालाच जामीन मागितला जाई. शेजाऱ्याच्या लग्नावर पदरचे पैसे गुंतवून फिर्याद कोण करणार?

१९३७ साली मुंबईचे नामांकित सर्जन डॉ. गोपाळराव देशमुख यांच्या खटपटीने विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत मुलाएवढा वाटा देणारा कायदा झाला. तो हयातीपुरता का होईना, पण वाटा होता. त्यातला एक पेच येथे नोंदवतो, कारण तो आजही सुटलेला नाही असे मला वाटते. शेतजमिनीचा वारसा हा विषय १९३५च्या कायद्याने प्रांतांकडे दिलेला होता. त्यामुळे दिल्लीत झालेला हा कायदा शेतजमिनीला लागूच नाही, असे १९४१ साली फेडरल कोर्टाने सांगितले. ज्या देशात मिळकत म्हणजे नव्वद घरांत जमीन, तेथे विधवेला वाटा मिळाला तो जमीन सोडून! मग प्रांतांना वेगवेगळे कायदे करावे लागले. कायद्यावर नजर ठेवायची तर तो कोणत्या दरबारात होतो आहे, दिल्लीच्या की मुंबईच्या, हे आधी पाहावे लागते, ते यासाठी.

सर बेनेगल राव यांच्या समितीने १९४१पासून हिंदू कायद्याची संहिता जुळवायला घेतली. पुण्याच्या लॉ कॉलेजचे घारपुरे तिच्यात होते. १९४५ साली ती मुंबई, पुणे, नागपूर धरून अनेक शहरी गेली आणि साक्षी घेतल्या. अनुकूल बाया आल्या तशा प्रतिकूल बायाही आल्या, आणि मला हे चांगलेच वाटते. घरावरच्या कायद्याला विरोध करायचा तोही घरातल्या बाईने येऊन करावा. पुढची कथा सर्वांना ठाऊक आहे. डॉ. आंबेडकरांनी संहितेला नवे रूप दिले, बिल लोंबकळले, आणि सप्टेंबर १९५१मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. मग १९५५ व १९५६ साली तेच बिल चार तुकड्यांनी पास झाले. वारसाहक्काच्या तुकड्यात वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीला वाटा मिळाला, पण वडिलार्जित एकत्र मिळकतीत जन्मतः हक्क मुलग्यांचाच राहिला. राहत्या घराची वाटणी, भावांनी ती केल्याखेरीज, तिला मागता येत नव्हती. लेक परक्याचे धन, ही म्हण कायद्याच्या भाषेत लिहिली गेली.

ती म्हण महाराष्ट्राने १९९४ साली खोडली. २२ जून १९९४पासून मुलगीही जन्माने सहदायाद झाली. पण खोडताना एक ओळ घातली, की या तारखेआधी लग्न झालेल्या मुलींना हे लागू नाही. त्या ओळीचा अर्थ मी आमच्या घरात पाहिला आहे. माझ्या थोरल्या आत्याचे लग्न १९९३च्या वैशाखातले, धाकटीचे १९९६चे. आजोबांनी २००१ साली हयातीतच जमिनीची नोंदणी करून वाटणी केली. धाकट्या आत्याला वाटा होता, म्हणून तिच्याकडून हक्कसोडपत्र करून घेतले. भावांनी तिला साडीचोळी केली, तिने सही केली. थोरलीला कुणी बोलावलेच नाही. तिला हक्कच नव्हता, तर तो सोडायचा कशाला? ती मला एकदा म्हणाली, "धाकटीने सोडले तरी काहीतरी सोडले रे बाळा. माझ्या सहीचीसुद्धा कुणाला गरज पडली नाही." दोन सख्ख्या बहिणी, एकाच आईचे दूध प्यायलेल्या, आणि त्यांच्यामध्ये सरकारी राजपत्राची एक तारीख उभी. १९९४ साली त्या ओळीवर आमच्या तालुक्यात चर्चा झाल्याचे मला तरी आठवत नाही.

म्हणूनच दहा वर्षांनंतर दिल्लीत जे घडले ते मला महत्त्वाचे वाटते. २० डिसेंबर २००४ रोजी राज्यसभेत हाच हक्क देशभर देणारे बिल आले, तेव्हा त्यातही आधी लग्न झालेल्या मुलींना वगळणारी तीच ओळ होती. बिल संसदेच्या स्थायी समितीकडे गेले. या वेळी अभ्यासक आणि स्त्रियांच्या संघटना जाग्या होत्या. त्यांनी निवेदने दिली, खासदारांना गाठले. २००५ साली कायदा झाला तेव्हा ती ओळ गळालेली होती, शेतजमिनीच्या वारशाला आडवे येणारे कलमही गेले होते, आणि राहत्या घरावरची अडसरही. एक ओळ बिलात असताना काढणे किती सोपे असते, आणि कायदा झाल्यावर तीच ओळ किती घरांतून काढावी लागते! आणखी एक. २० डिसेंबर २००४पूर्वी नोंदून झालेल्या वाटण्यांना हात लावायचा नाही, असे त्यात ठरले. म्हणजे बिल मांडल्याची तारीखच हद्द धरली. शारदा कायद्यासारखे मधले मोकळे महिने या वेळी कुणाला मिळाले नाहीत. थोरल्या आत्याची वाटणी मात्र त्या हद्दीच्या अलीकडची, म्हणून ती तशीच राहिली. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने मुलीचा हक्क जन्मापासूनचा आहे, २००५ साली वडील हयात असले नसले तरी तो बाधत नाही, असे स्पष्ट केले. त्याचाही तिला उपयोग नव्हता.

अर्धवट बातमी किती घातक असते त्याचा एक अनुभव सांगतो. डिसेंबर २०२१मध्ये मुलींच्या लग्नाचे वय २१ करण्याचे बिल लोकसभेत आले. आठवड्याभरात आमच्या शाळेतील एका मुलीचे वडील मला गाठून म्हणाले, "गुरुजी, ते एकवीसचं पक्कं झालं का हो? मग थोरलीचं उरकूनच घेतो यंदा." थोरली तेव्हा अठराची झाली होती, बारावीला बसायची होती. मी त्यांना सांगितले की, बिल मांडले म्हणजे कायदा होत नाही. ते समितीकडे गेले आहे. ते थांबले. ते बिल समितीतच राहिले आणि २०२४ साली ती लोकसभा संपली तसे तेही संपले. मुलगी बारावी होऊन नर्सिंगला गेली. १९२९ सालच्या झुंबडीतल्या बापांना एवढे सांगणारा कुणी भेटला असता तर, असे माझ्या मनात येते.

हे सांगायला मला वकिली लागली नाही. शाळेच्या नागरिकशास्त्रात आहे तेवढेच पुरले. विधेयक मांडले जाते, त्यावर वाचने होतात, कधी ते समितीकडे जाते, मग राज्यपालांची किंवा राष्ट्रपतींची संमती, मग राजपत्र, आणि अंमलाची तारीख पुष्कळदा वेगळी. आमच्या विधिमंडळाची अधिवेशने मुंबईत आणि हिवाळ्यात नागपुरात भरतात. विधेयके मराठीत छापली जातात आणि आता संकेतस्थळांवरही मिळतात. प्रत्येकाच्या शेवटी 'उद्देश व कारणे यांचे निवेदन' असते. सारे विधेयक समजले नाही तरी ते पान कुणालाही समजते. संयुक्त समिती नेमली तर ती सूचना मागवू शकते. कायद्याखालचे नियम होताना बहुधा मसुदा प्रसिद्ध करून ठरावीक मुदतीत हरकती घेतल्या जातात. आणि विधिमंडळाची विनंती अर्ज समिती आहे. आमदार लग्नामुंजीला आपल्या घरी येतो, तेव्हा आपण त्याला रस्त्याचे विचारतो. घरावरच्या विधेयकाचे विचारलेले मी अजून ऐकले नाही.

अर्ज कसा असावा तेही या इतिहासानेच सांगितले आहे. सार्वजनिक काकांनी विचारले, कुणाच्या वतीने बोलतोस? स्त्री-डॉक्टरांनी दाखवले, काय पाहिलेस ते लिही. २००५च्या बायांनी शिकवले, कोणती ओळ काढायची ती नेमकी सांग. एवढ्या तीन गोष्टी एका कार्डावर मावतात. यंदा आठवीच्या वर्गाला मी निबंधाऐवजी असे एकेक पत्र घरच्यांशी बोलून लिहून आणायला सांगितले आहे. पोरे दिवाळीच्या सुटीत काय आणतील ते आणोत. पण एका मुलीने आताच विचारले आहे, "गुरुजी, सही वडिलांचीच लागते का, आईची चालेल?" मी म्हटले, चालेल, आणि तुझीही कर.